तलावपाळीचे पाणी येते कुठून?

पावसाळा संपत आला होता. नववीच्या वर्गाला घेऊन आम्ही ठाण्याच्या मासुंदा तलावावर गेलो होतो. परिसर अभ्यासाचा तास होता. मुलांनी तलावाचा आराखडा काढायचा, काठावरची झाडे ओळखायची, दिसतील त्या पक्ष्यांची नोंद करायची, असा साधा बेत. फेरी अर्ध्यावर आली तेव्हा एका मुलीने विचारले, "बाई, या तलावात पाणी येतं कुठून?"

"पावसाचं," आम्ही म्हणालो.

"पण ते आत शिरतं कुठून? इथे तर सगळीकडे भिंत आहे."

आम्ही पुन्हा एकदा काठाने पूर्ण फेरी मारली. ओढा दिसला नाही. काठाची भिंत दिसली, फिरायची वाट दिसली, वाटेपलीकडे रस्ता आणि रस्त्याच्या कडेला गटार दिसले. आमच्यापैकी काहींचे लहानपण या काठावर गेले आहे. तरी हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. त्या दिवशी उत्तर देता आले नाही. ते शोधताना जे हाती लागले ते येथे मांडत आहोत. आपल्या गावात, शहरात असे तळे असेल तर तोच प्रश्न तेथेही विचारता येईल.

बाग की तळे?

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला उतरून बाजारातून चालत निघाले की दहा-पंधरा मिनिटांत मासुंदा तलाव लागतो. कागदोपत्री मासुंदा, पण ठाणेकर त्याला तलावपाळी म्हणतात. संध्याकाळी फिरायला येणारी वडीलधारी मंडळी, नौकाविहाराला रांग लावणारी मुले, भेळेच्या गाड्या, दिवाळीच्या पहाटे जमणारी तरुणाई, हे सगळे पाहिले की ही शहराची बागच आहे असे वाटते. बाजूला कौपिनेश्वराचे मंदिर, जवळच सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च, आणि काठावर १९७८ साली उभे राहिलेले गडकरी रंगायतन.

शहरातली सार्वजनिक बाग ही कल्पना आपल्याकडे तशी नवी आहे. मुंबईची राणीची बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. तिथे आधी जागा ठरली, मग वाटा आखल्या गेल्या, देशोदेशीची झाडे आणून लावली गेली. तलावपाळीचे तसे झाले नाही. इथे आधी पाणी होते, पाण्यासाठी लोक येत होते, आणि पुढे पाण्याची गरज संपली तेव्हा बाग उरली.

याची खूण नावातच आहे. पाळ म्हणजे तळ्याचा बांध. जमीन जिकडे उतरते त्या बाजूला मातीची पाळ घातली की वरून वाहत येणारे पाणी अडते. पाळ आहे याचा अर्थ, ती बांधणाऱ्यांना जमिनीचा उतार कुठून कुठे आहे हे ठाऊक होते. आज आपण त्या पाळीवरून चालतो, पण उतार कुठे आहे हे आपल्याला सांगता येत नाही.

खाडीकाठच्या गावाला तळी का लागली?

ठाणे हे साष्टी बेटाच्या पूर्व कडेला, खाडीच्या काठावर वसलेले गाव. पश्चिमेला येऊरचे डोंगर, पूर्वेला खाडी, खाडीपलीकडे पारसिकची रांग. डोंगराच्या पायथ्यापासून खाडीपर्यंत जमीन हळूहळू उतरत जाते. उपवन तलाव डोंगराच्या अगदी पायथ्याशी आहे. मासुंदा, कचराळी, सिद्धेश्वर, मखमली हे तलाव त्याच्या खाली, जुन्या वस्तीच्या आसपास आहेत.

हे गाव जुने आहे. उत्तर कोकणच्या शिलाहार राजांच्या काळात त्याला श्रीस्थानक म्हणत. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम चालू असताना शिलाहार राजा अरिकेसरी याचा इसवी सन १०१७ चा ताम्रपट सापडला. शिलाहारांच्याच काळातले अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे आहे. शिलाहारांनी ठाण्यात साठ तलाव खोदले, असे परंपरेने सांगतात. साठ हा आकडा मोजून आलेला असेल असे नाही, पण तलाव पुष्कळ होते याविषयी शंका नाही. 'उथळसर' या भागाचे नाव घ्या. सर म्हणजे तळे. उथळ तळ्याची जागा, असा अर्थ ते नावच सुचवते.

आता प्रश्न असा, की वर्षाला सुमारे २५०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावाला इतकी तळी हवीत कशाला? दोन कारणे दिसतात.

पहिले कारण सोपे आहे. हा सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे. खाली बेसाल्टचा काळा कातळ. त्यात पाणी मुरते ते भेगांमधून आणि वरच्या मुरमाच्या थरातून. उतारावरचे बरेच पाणी न थांबता खाडीला मिळते. खाडीला मिळालेले पाणी गावाच्या कामाचे नाही, कारण ते खारे होते.

दुसरे कारण जमिनीखाली आहे, आणि वर्गात शिकवण्यासारखे आहे. समुद्र किंवा खाडीजवळच्या जमिनीखाली गोडे आणि खारे अशी दोन्ही पाणी असतात. गोडे पाणी हलके, म्हणून ते वर राहते. खारे जड, ते खाली. गोड्या पाण्याची घनता १ धरली तर समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२५ असते. म्हणजे ४० मीटर उंचीच्या खाऱ्या पाण्याच्या स्तंभाचे वजन तेवढ्याच जाडीच्या ४१ मीटर उंच गोड्या पाण्याच्या स्तंभाइतके भरते. यातून एक मोठी गंमत निघते. भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल, तर त्या जागी गोडे पाणी समुद्रसपाटीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत खाऱ्या पाण्याला खाली ढकलून ठेवते. उलट, उपशामुळे ही पातळी १ मीटरने घटली, तर खालचे खारे पाणी कालांतराने ४० मीटर वर सरकू शकते. हा हिशेब गाइबेन आणि हर्झबर्ग या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीस स्वतंत्रपणे मांडला. तो वाळूच्या जमिनीत नीट लागू पडतो. भेगाळ कातळात आकडे बदलतात, पण तत्त्व तेच राहते.

तळे बांधणाऱ्यांना हा हिशेब ठाऊक असण्याचे कारण नाही. पण वरच्या अंगाला तळे असले की खालच्या अंगाच्या विहिरी गोड राहतात, हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या येत असणार. तळ्यातले पाणी मुरत राहते, भूजलाची पातळी उचलून धरते आणि खाऱ्या पाण्याला मागे रेटते. तळ्याचा उपयोग म्हणून केवळ घागर भरणे एवढाच नव्हता.

उल्हास नदीच्या खाडीवरच्या कल्याणची गोष्ट वेगळी नाही. कल्याण हे ठाण्याहूनही जुने बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आहेत. तेथेही भरतीचे पाणी दाराशी, आणि गावात शेनाळे तलाव, ज्याला लोक काळा तलाव म्हणू लागले. बंदर खाऱ्या पाण्यावर चालते, पण बंदरातली माणसे आणि जहाजांवरचे खलाशी गोड्या पाण्यावर जगतात.

देवळापासून रेल्वेपर्यंत

१७३७ साली मराठ्यांनी ठाणे पोर्तुगीजांकडून घेतले. त्यानंतर सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी १७६० च्या सुमारास मासुंद्याकाठी कौपिनेश्वराचे मंदिर नव्याने बांधले. देऊळ आणि तळे एकत्र असण्यात श्रद्धा आहेच, पण व्यवस्थाही आहे. देवाच्या पाण्यात घाण करू नये हा नियम लोक सहसा पाळतात. घाट असला की धुणे कुठे, पाणी भरणे कुठे, हे ठरलेले असते. गाळ काढण्याच्या कामाला देवाच्या नावाने माणसे जमवता येतात.

१७७४ च्या डिसेंबरात ठाणे इंग्रजांच्या हाती गेले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्याला पोचली. पुढच्या वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले. १८६३ साली ठाण्याला नगरपालिका मिळाली आणि १९८२ साली महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८ लाख होती, २०११ मध्ये ती १८ लाखांवर गेली. त्याच जनगणनेत कल्याण-डोंबिवली १२ लाखांवर होती.

एवढ्या माणसांना तळी पुरणे शक्यच नव्हते. आज या शहरांचे पाणी भातसा, उल्हास आणि बारवी येथून नळाने येते. नळ आला ही चांगलीच गोष्ट झाली. डोक्यावरची घागर उतरली, रोगराई कमी झाली. पण त्याबरोबर एक दोर तुटला. तळ्याला काय झाले तर आपल्या घरात काय होईल, हा संबंध राहिला नाही. तळे आटले तरी नळाला पाणी येतेच.

मग तळी एकेक करून गेली. साठ म्हणवणाऱ्या तलावांपैकी आज पस्तीसच्या आसपास उरले आहेत.

कोणती आधी गेली असतील? आपण थोडा हिशेब करू. कोकणात उघड्या पाण्यावरून कोरड्या ऋतूत दिवसाला साधारण ४ ते ६ मिलिमीटर पाण्याची वाफ होते. आठ महिन्यांचे २४० दिवस धरले तर सुमारे १ ते दीड मीटर पाणी उडून जाते. मुरणारे पाणी वेगळेच. म्हणजे दीड मीटरपेक्षा उथळ तळे मे महिन्यापर्यंत कोरडे पडणार. कोरडे तळे म्हणजे मोकळे मैदान. तिथे गुरे बसतात, क्रिकेट खेळले जाते, एखादी भरावाची गाडी रिकामी होते, आणि पुढच्या पावसात तिथे तळे होते हे कुणाच्या ध्यानात राहत नाही. उथळ तळी अशीच आधी बुजली असावीत, असा आमचा तर्क आहे. खोल तळी वाचली, कारण ती उन्हाळ्यातही तळ्यासारखी दिसत राहिली.

भरते, पण धुतले जात नाही

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. भिंत घातलेल्या तलावात पाणी कुठून येते?

सोयीसाठी एक काल्पनिक तळे घेऊ. क्षेत्रफळ १ हेक्टर, म्हणजे १० हजार चौरस मीटर. खोली सगळीकडे ३ मीटर. त्यात ३० हजार घनमीटर, म्हणजे ३ कोटी लिटर पाणी मावते. आता समजा, या तळ्याचे सगळे बाहेरचे प्रवाह बंद केले. तरीही आकाशातून थेट त्यावर अडीच मीटर पाऊस पडतोच. ते झाले २५ हजार घनमीटर. वर्षभरात वाफेने दीड मीटर, म्हणजे १५ हजार घनमीटर जाते. मुरणारे पाणी तूर्त बाजूला ठेवू. शिल्लक १० हजार घनमीटर.

याचा अर्थ, ठाण्यासारख्या पावसाच्या गावात तळे नुसत्या डोक्यावरच्या पावसावर जिवंत राहू शकते. भिंतीला एकही तोंड नसले तरी ते दर ऑगस्टमध्ये भरलेले दिसेल. आमच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर, आणि बरेच जण येथेच थांबतात. तळे भरते ना, मग झाले!

पण मूळ तळे असे नव्हते. त्याला पाणलोट होता, म्हणजे ज्या जमिनीवरचे पाणी उतरून तळ्यात येते तो भाग. हा पाणलोट तळ्याच्या दहापट, म्हणजे १० हेक्टर धरू, आणि पडलेल्या पावसापैकी निम्मे पाणी वाहून येते असे मानू. गणित केले तर १ लाख २५ हजार घनमीटर येते. तळ्याच्या पोटाच्या चौपटीहून अधिक! हे पाणी तळ्यात शिरते, तळे भरून सांडव्यावरून खाली जाते, जाताना जुने पाणी घेऊन जाते. म्हणजे पाणलोट शाबूत असलेले तळे एका पावसाळ्यात चार वेळा धुतले जाऊ शकते. पाणलोट तोडलेल्या तळ्यात मात्र वर्षाला जेमतेम एक तृतीयांश पाणी बदलते, आणि सांडव्याचे तोंडही बुजले असेल तर तेवढेही नाही.

पाणलोट तळे भरण्यासाठी लागतो असा आमचा समज होता. हिशेब केल्यावर कळले, की आपल्याकडे तो तळे धुण्यासाठी अधिक लागतो.

गंमत अशी, की शहरात वाहणारे पाणी कमी झालेले नाही, उलट वाढले आहे. मातीवर पडलेल्या पावसाचा बराच भाग जमिनीत मुरतो. डांबर आणि काँक्रीटवर पडलेला जवळजवळ सगळा वाहतो. पण ते पाणी गटारात जाते, गटार नाल्याला मिळते, नाला खाडीला. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की हेच पाणी रस्त्यावर तुंबते. एकीकडे तुंबलेला रस्ता, दुसरीकडे न धुतलेले तळे. दोन्ही एकाच गोष्टीची रूपे आहेत.

अर्थात रस्त्यावरचे पाणी जसेच्या तसे तळ्यात सोडा असे आम्ही म्हणत नाही. त्यात तेल, राख, सांडपाणी असते. पण आजूबाजूच्या शाळा, देवळे, इमारती यांच्या छपरांवरचे पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असते. पहिले काही पाऊस सोडून दिले तर ते जाळीतून, वाळूच्या थरातून तळ्यात आणता येते.

एक किलो पाव

न धुतलेल्या तळ्यात काय होते? आत आलेली गोष्ट बाहेर जात नाही. यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्फुरद, ज्याला आपण फॉस्फरस म्हणतो. सांडपाण्यात तो असतो, साबणाच्या पुडीत असू शकतो, निर्माल्यात असतो, आणि माशांना घातलेल्या खाण्यातही असतो.

तलावावर आलेली माणसे माशांना पाव, कुरमुरे टाकतात. मनात भूतदया असते, पुण्याचे काम वाटते. पण हिशेब पाहा. पावात किंवा तांदळात १०० ग्रॅममागे साधारण १०० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. १ किलो पावात १ ग्रॅम. शैवालाच्या कोरड्या वजनात फॉस्फरस सुमारे एक टक्का असतो. म्हणजे १ ग्रॅम फॉस्फरसवर १०० ग्रॅम कोरडे शैवाल वाढू शकते. ओले असताना त्याचे वजन अनेक पटींनी जास्त भरते. हे शैवाल मेल्यावर कुजते. ते पूर्ण कुजायला सुमारे १४० ग्रॅम प्राणवायू लागतो. ३० अंश तपमानाच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. भागाकार केला तर १ किलो पावामुळे सुमारे १९ हजार लिटर पाण्यातला प्राणवायू संपू शकतो.

प्रत्यक्षात एवढे सगळे एका वेळी घडत नाही. हवेतून प्राणवायू पाण्यात मिसळत राहतो, काही फॉस्फरस गाळात बसतो. पण गाळातला फॉस्फरस कायमचा गेलेला नसतो. तळाशी प्राणवायू संपला की तो पुन्हा पाण्यात उतरतो. म्हणून सांडपाणी बंद केल्यावरही तळे काही वर्षे हिरवेच राहते, आणि लोक म्हणतात, एवढा खर्च केला त्याचा उपयोग काय?

शैवाल फार वाढले की आणखी एक गोष्ट घडते. दिवसा ते प्राणवायू सोडते, रात्री मात्र माशांप्रमाणेच तो वापरते. रात्रभर वापर होऊन पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिले तर दिवसाची भरपाईही होत नाही. पहाटे मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकताना दिसतात, आणि एखाद्या सकाळी मेलेल्या माशांचा थर काठाला लागतो. 'पाण्यात कुणीतरी विष कालवले' अशी बातमी पसरते. नेहमीच तसे नसते. पुष्कळदा मासे गुदमरून मेलेले असतात.

गणपती विसर्जनाचा प्रश्नही याच नजरेने पाहता येईल. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात मिसळून घट्ट झाले की त्याचे जिप्सम होते. जिप्सम १ लिटर पाण्यात दोन-अडीच ग्रॅमच विरघळते. म्हणजे ५ किलोची मूर्ती पूर्ण विरघळायला किमान २ हजार लिटर पाणी हवे, तेही सतत हलते, बदलते. साचलेल्या पाण्यात मूर्तीभोवतीचे पाणी लवकर संपृक्त होते आणि मूर्ती महिनोन्‌महिने तशीच राहते. शाडूची मूर्ती विरघळत नाही, विखुरते. ती चांगली, पण हजारो मूर्तींचा शाडू म्हणजे अखेर गाळच. रंगांमधले जड धातू हा आणखी वेगळा भाग. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली विसर्जनाविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या आणि २०२० मध्ये त्या सुधारल्या. ठाण्यात तलावाशेजारी कृत्रिम हौद बांधून त्यांत विसर्जन करण्याची पद्धत आता रुळली आहे. लोकांनी ती स्वीकारली, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. नीट समजावले तर रूढी बदलतात.

काठ कसा असावा?

२००१ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजना सुरू केली. तीत ठाण्याच्या ९ तलावांचा समावेश झाला. गाळ काढणे, सांडपाणी वळवणे, कारंजी व हवा मिसळणारी यंत्रे बसवणे, काठ बांधून काढणे, अशी कामे अशा योजनांत होतात.

यातल्या काठाविषयी थोडे बोलायला हवे. तळ्याचा नैसर्गिक काठ हा उतरता असतो. तिथे लव्हाळा, पाणकणीस उगवते. त्यांची मुळे येणाऱ्या पाण्यातला गाळ अडवतात आणि फॉस्फरस, नत्र शोषून घेतात. याच उथळ पट्ट्यात मासे अंडी घालतात, चतुराची पिले डासांच्या अळ्या खातात, पाणकोंबडी लपते, वंचक तासन्‌तास एका पायावर उभा राहतो. सरळ उभी भिंत बांधली की हा पट्टा जातो. तळे नीटनेटके दिसते, पण त्याची स्वतःला स्वच्छ ठेवण्याची ताकद घटते.

मात्र भिंतीला नुसती नावे ठेवणेही न्यायाचे नाही. भिंतीमुळेच आणखी अतिक्रमण थांबते. फिरायची वाट झाली म्हणून रोज हजारो माणसे तलावावर येतात, आणि ज्या तळ्यावर माणसे येतात ते बुजवायला सोपे नसते. मासुंदा वाचला तो बाग झाला म्हणूनही वाचला. तेव्हा बाग हवी, पण बागेत तळ्याच्या बाजूचा विचार हवा. एखाद्या बाजूला भिंतीऐवजी उतार ठेवून पाणवनस्पतींचा पट्टा राखणे, सांडवा मोकळा ठेवणे, छपरांचे पाणी आत आणणे आणि माशांना पाव टाकू नये असा फलक लावणे, या गोष्टींना कारंज्याइतका खर्च येत नाही. कारंज्याने प्राणवायू मिसळतो हे खरे, पण आत येणारा फॉस्फरस त्याने कमी होत नाही.

मुलांबरोबर करून पाहण्यासारखे

तळ्यावर जाताना सोबत दोन तरी मोठी माणसे असावीत, आणि मुलांनी पाण्यात उतरू नये.

१. उताराचा नकाशा. भर पावसात छत्री घेऊन तळ्याभोवतीच्या गल्ल्यांतून फिरा. पाणी कोणत्या दिशेने वाहते ते बाणांनी नकाशावर दाखवा. कुठे तळ्याकडे येणारे पाणी गटाराने दुसरीकडे वळले आहे ते शोधा. जुन्या पाणलोटाची कल्पना येईल.

२. पारदर्शकता. २० सेंटिमीटर व्यासाच्या पत्र्याच्या तबकडीचे चार भाग करून ते आलटून पालटून काळे व पांढरे रंगवा. मध्यभागी दोरी आणि खाली वजन बांधा. दोरीवर दर १० सेंटिमीटरला खूण करा. धक्क्यावरून तबकडी पाण्यात सोडा आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहा. दर महिन्याला, एकाच जागी, दुपारच्या एकाच वेळी मोजा. वर्षभराचा आलेख काढा.

३. मूर्तीचा प्रयोग. प्लास्टर ऑफ पॅरिस आणि शाडू यांच्या लिंबाएवढ्या गोळ्या वाळवून एकेका बरणीत पाण्यात ठेवा. रोज पाहा. प्लास्टरच्या दोन बरण्या करून एकीतले पाणी रोज बदला, दुसरीतले बदलू नका. पंधरा दिवसांनी गोळ्या वाळवून वजन करा.

४. आठवणी. घरातल्या आजी-आजोबांना विचारा: त्यांच्या लहानपणी कोणती तळी होती, पाणी कुठे भरत, उन्हाळ्यात कोणते आटे? सांगितलेल्या जागा आजच्या नकाशावर दाखवा. रस्त्यांची, वस्त्यांची नावे तपासा. तळे, तलाव, सर, पाळ असे शब्द कुठे उरले आहेत?

हा शेवटचा उपक्रम आमच्या वर्गाने केला. मुलांनी आणलेल्या तळ्यांपैकी काहींच्या जागी आज इमारती आहेत. एका मुलाचे स्वतःचे घर अशा जागी निघाले. पावसाळ्यात त्यांच्या जिन्याखाली पाणी का साठते, हे त्याला त्या दिवशी कळले. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे पाणी आपल्या जागेवर येतं."

प्रश्न विचारणाऱ्या मुलीला आम्ही सगळा हिशेब फळ्यावर मांडून दाखवला. तिने लगेच पुढचा प्रश्न विचारला: तलावाला जाणारे छपराचे पाणी आपल्या शाळेचेही असू शकेल का? शाळा उताराच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, हे अजून आम्ही मोजलेले नाही. येत्या पावसाळ्यात पाण्याची पातळी दाखवणारी प्लॅस्टिकची नळी घेऊन वर्ग ते काम करणार आहे. आपल्या शाळेजवळच्या तळ्याचे पाणी कुठून येते हे आपणही शोधा आणि काय सापडले ते अवश्य कळवा.